दादाची मान

घरात मला सगळे हाडवाली म्हणतात. हे नाव दादाने ठेवलं, माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. मी मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात नमुने तयार करते. विद्यार्थ्यांसमोर टेबलावर जी खरी हाडं, खरे सांधे मांडलेले असतात, ते सोलायचे, साफ करायचे, तारेत ओवायचे, खाली चिठ्ठी लावायची, हे माझं काम. त्याला एकवीस वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, प्राध्यापकही नाही. पण कण्याबाबत काही अडलं की प्राध्यापक माझ्या खोलीचं दार वाजवतात, आणि मी त्यांना जरा वेळ बाहेर उभं ठेवते.

कण्याच्या कामात माझा हात धरणारं आमच्याकडे कुणी नाही. ही फुशारकी नाही. पुढे जे झालं ते समजायला हे माहीत असावं लागतं, म्हणून सांगते.

हाडं साफ करणं कुणालाही जमतं. कौशल्य लागतं ते लिगामेंट राखायला. मणके म्हणजे एकावर एक ठेवलेले ठोकळे, मध्ये गाद्या. त्यांना धरून ठेवतात त्या पट्ट्या, म्हणजे लिगामेंट. पुढच्या अंगाने एक रुंद पट्टी कवटीच्या तळापासून कमरेच्या खालपर्यंत जाते, मणक्यांना घट्ट चिकटून. माणूस मागे नको तितका वाकू नये हे ती बघते. मणक्यांच्या पाठीमागे, जिथून मज्जारज्जू जातो त्या पोकळीत, दुसरी एक पट्टी, अरुंद. त्याच्याही मागे कमानी-कमानींमध्ये पिवळी लिगामेंट. ती खरोखर पिवळी असतात, पहिल्या वर्षाच्या मुलांना ते खरं वाटत नाही. ताणली की लांबतात, सोडली की जागेवर येतात. मी मुलांना चिमट्याने ओढून दाखवते. मग मणक्यांच्या मागे निघालेल्या शेपटासारख्या हाडांमधल्या पातळ पट्ट्या आणि त्यांच्या टोकांवरून जाणारी शेवटची एक. हे सगळं चरबीतून आणि स्नायूंतून सोडवायला मला सहा आठवडे लागतात. घाई केली की फाटतं.

आणि या सगळ्या पट्ट्या माझ्या घरी एका माणसाच्या पाठीत हळूहळू हाड होत होत्या. तो माझा दादा.

दादा चोविसाव्या वर्षी पहाटे पाठ धरून उठायला लागला. आधी वाटलं गादी खराब आहे. दोन गाद्या बदलल्यावर डॉक्टर केला. डॉक्टरने आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि अर्थ असा की लिगामेंट सुजतात, सुजून वाळतात, आणि वाळून हाड होतात. खालून सुरुवात होते आणि वर चढत जातं. कमर गेली, मग पाठ, मग मान. बावन्नाव्या वर्षी दादाच्या पाठीत चोवीस मणके वेगळे उरले नव्हते, एकच एक हाड होतं, आणि तेही पुढे वाकलेलं. हनुवटी छातीकडे. वर बघायचं तर त्याला गुडघे वाकवून अख्खं शरीर मागे टाकावं लागायचं. स्वतःला तो प्रश्नचिन्ह म्हणायचा. कुणी काही विचारलं की म्हणायचा, "मीच प्रश्न आहे, उत्तर दुसऱ्याला विचार." माणसं तो बुटांवरून ओळखायचा. गल्लीतल्या कुणी नवे बूट घेतले तर घरात पहिली बातमी दादाकडून यायची.

तो रबरी शिक्के बनवतो. कोपऱ्यावरच्या दुकानात, एका दिव्याखाली, उलटी अक्षरं कापतो. "मिळाले", "मंजूर", "मूळ प्रतीप्रमाणे", कुणाची सही, कुणाचा हुद्दा. यंत्रं आली तरी त्याने हाताने कापणं सोडलं नाही, कारण वाकून करायचं काम आहे आणि तो वाकलेलाच आहे. हेही त्याचंच म्हणणं. त्याच्या बायकोला, म्हणजे माझ्या वहिनीला, असले विनोद अजिबात आवडत नाहीत. ती दिवसा शाळेच्या कार्यालयात काम करते आणि संध्याकाळी आम्हा दोघा भावंडांना सांभाळते. मी त्यांच्याकडेच राहते, मागच्या खोलीत. लग्न केलं नाही. विचारणाऱ्यांना दादा सांगायचा, "मुलाचा सांगाडा पसंत पडला नाही तिला."

आता त्या सकाळचं.

मी बूट घालत होते. वहिनी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती. बाथरूममधून बादली पडल्याचा आवाज आला, आणि त्याच्या पाठोपाठ दादा पडल्याचा. पहिला आवाज मोठा होता, दुसरा लहान. मी दार ढकललं तर दादा ओल्या फरशीवर उताणा. खांदे जमिनीला टेकलेले आणि डोकं जमिनीपासून वीतभर वर, हवेत. त्याचं डोकं कुठेच टेकत नाही. रात्रीसुद्धा त्याला तीन उशा लागतात.

"घसरलो गं," तो म्हणाला. "घाबरू नकोस. हे बघ." आणि त्याने दोन्ही हात हलवून दाखवले. पायाने बादली बाजूला सारली. "मान दुखतेय जराशी. ती उशी आण. डोकं धरून धरून दमलो."

आमच्या कॉलेजात दरवर्षी ड्रायव्हर, रखवालदार, शिपाई अशा सगळ्यांचा एक वर्ग असतो, पडलेल्या माणसाला कसं धरायचं याचा. तो वर्ग मी घेते. प्लास्टिकचा कणा टेबलावर आडवा ठेवते आणि सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेते: डोकं, मान, पाठ एका रेषेत. उशी नाही. बसवायचं नाही. मागच्या बाकावरचा रखवालदारसुद्धा झोपेत म्हणेल इतकं घोटून घेते.

"उशी मिळणार नाही," मी दादाला सांगितलं. "हलू नकोस. तोंड बंद."

मी त्याच्या डोक्यामागे गुडघ्यावर बसले. दोन्ही तळवे कानांवर ठेवले. आणि त्याचं डोकं खाली घेतलं, पाठीच्या रेषेत. ते सहज आलं नाही. मला थोडा जोर लावावा लागला.

"अगं..." दादा म्हणाला.

आवाज झाला असं मी म्हणणार नाही. हातांना कळलं. टेबलावर वाळलेला कणा सरळ करताना पुढची पट्टी सुटते तेव्हा बोटांना जे कळतं, तेच. एकवीस वर्षांत ते मला पाच-सहा वेळा कळलं असेल, आणि प्रत्येक वेळी मी शिवी दिली असेल. या वेळी दिली नाही.

 मग दादा अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "माझे पाय कुठे गेले गं?"

वहिनी आली तेव्हा मी तशीच बसले होते, डोकं सरळ रेषेत धरून. सोडायचं नाही, हेही मीच शिकवते. वहिनीने फोन लावला. रुग्णवाहिका यायला पंचवीस मिनिटं लागली, तोपर्यंत मी हात काढले नाहीत. रुग्णवाहिकेतला माणूस आत आला, त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "छान धरलंय. ट्रेनिंग झालंय वाटतं तुमचं?"

"हाडांचंच काम आहे तिचं," वहिनी म्हणाली. "नशीब ती घरी होती."

मला त्या वेळी काही वाटलं नाही. हे कसं सांगायचं मला कळत नाही. माझ्या हातांना काय झालं ते पूर्ण कळलं होतं, आणि मी वहिनीची पर्स, दादाचा चष्मा, जुन्या तपासण्यांची फाईल असं एक-एक आठवून पिशवीत भरत होते. गॅस बंद आहे ना तेही बघितलं. पायातला एकच बूट बांधलेला होता, दुसरा मी जिन्यात बांधला.

हॉस्पिटलमध्ये दादाला पडद्यामागे नेलं. आम्ही दोघी बाकावर. समोर भिंतीवर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचं चित्र होतं, ते मी किती वेळा वाचलं देव जाणे. वहिनी मधेमधे माझ्या गुडघ्यावर हात ठेवत होती. ती मला धीर देत होती.

तासाभराने एक शिकाऊ डॉक्टर कागद घेऊन आला. वय असेल चोवीस-पंचवीस. आमच्याच कॉलेजचा नसावा अशी मी प्रार्थना केली, आणि नव्हता.

"पडल्या क्षणापासून हातपाय पूर्ण बंद," त्याने कागदावरून वाचलं. "पेशंटने स्वतः सांगितलंय. त्या वेळी जवळ तुम्हीच होतात ना? बरोबर आहे हे?"

पेशंटने स्वतः सांगितलंय.

"हो," मी म्हणाले.

त्याने खूण केली आणि गेला. मग मोठे सर्जन आले. शांत माणूस, चष्मा कपाळावर. त्यांनी वहिनीला समजेल असं सांगितलं. मानेचा सहावा मणका मोडलाय. अशा जखडलेल्या कण्यात हे होतं, साध्या पडण्यानेही होतं. मज्जारज्जूला पडतानाच मार बसला असणार, कारण सगळं त्याच क्षणी बंद झालं. त्यामुळे आत्ता धावपळ करून फार हाती लागेल असं वाटत नाही. आज स्थिर ठेवू, उद्या-परवा मणका पक्का करायचं बघू.

वहिनी मान डोलावत राहिली. मी फरशीकडे बघत होते. डॉक्टरांचा एक शब्द मला सोडत नव्हता: त्याच क्षणी. जे पडता क्षणी जातं, ते बहुतेक गेलेलंच असतं. पण पडल्यावर हात हलत असतील आणि नंतर थांबले असतील, तर हिशोब बदलतो. मग आत काहीतरी सरकलंय, किंवा रक्त साठून दाबतंय. दाब काढता येतो. लवकर काढला तर काही ना काही परत येऊ शकतं. हे मला माहीत होतं आणि त्या सर्जनलाही माहीत होतं, पण त्यांना खोटं सांगितलेलं होतं. दादाने एकदा, मी एकदा.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. दादा पडला आठ वीसला.

मी पडद्यामागे गेले. दादाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मानेखाली गुंडाळलेली चादर. आता कुणीतरी शहाण्याने त्याच्या मानेच्या बाकाच्या हिशोबाने डोकं उचलून आधार दिला होता. तो समोरच्या पडद्याकडे बघत होता. 

"तुला विचारलं का?" तो म्हणाला.

"विचारलं."

"काय सांगितलंस?"

"तू सांगितलंस तेच."

"शहाणी आहेस."

"दादा, असं का केलंस?"

त्याने डोळे मिटले. "तुझ्या वहिनीला कळलं तर काय होईल? ती तुला ठेवेल घरात? आणि ठेवलं तरी तू राहशील? मी तुला ओळखत नाही का? तू बॅग भरशील आणि कुठल्यातरी भाड्याच्या खोलीत जाऊन स्वतःला खात बसशील." दम घ्यायला तो थांबला. श्वास पोटातूनच चालला होता. "मी असा पडलेला असणार. एकटीला मी झेपणार नाही. मला तुम्ही दोघी लागणार आहात. एकीला घालवून मला चालायचं नाही."

मला वाटलं होतं तो म्हणेल की तुझी चूक नाही, घाईत होतं असं. ते तो म्हणाला नाही. तो स्वतःची सोय बघत होता, आणि त्यात माझी सोय बसवत होता.

"लगेच ऑपरेशन केलं तर हात परत येऊ शकतात," मी म्हणाले. "दोन्ही नाहीत. कदाचित एक. पण हे त्यांना खरं सांगितलं तरच ते आज करतील."

"खात्री आहे?"

"नाही."

"मग गप्प बस. खात्री नसलेल्या गोष्टीसाठी घर मोडू नकोस."

"शिक्के कोण कापणार?"

"यंत्र आहे ना."

आयुष्यात मला गप्प बसायला खूप जणांनी सांगितलंय आणि मी कुणाचं ऐकलेलं नाही. पण तिथे मी बसले. पाच मिनिटं असतील, दहाही असतील. दादाचा उजवा हात चादरीवर होता. अंगठ्याच्या टोकाला शिक्क्याच्या शाईचा जांभळा डाग, तो कधी जात नाही. मी तो हात धरला. त्याला कळलं नाही. त्याने मला विचारलं, "गेलीस का?"

मी उठले. मला खरोखर भीती वाटली ती तेव्हा, त्या दिवसातली पहिली आणि शेवटची. वहिनीची भीती. तिचा तो गुडघ्यावरचा हात परत कधी मिळणार नाही, याची. मी चाळिशी ओलांडलेली बाई, आणि घरात माझ्यावर प्रेम करणारी माणसं दोनच होती. त्यातलं एक आत झोपलेलं होतं.

सर्जन लिफ्टजवळ फोनवर बोलत होते. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि फोन संपायची वाट बघितली नाही.

"पडल्यावर त्याचे हात हलत होते," मी म्हणाले. "पायही. मी बघितलंय. त्याने मला उशी मागितली. मी दिली नाही. मी त्याचं डोकं दाबून सरळ केलं. त्यानंतर गेलं सगळं. आम्ही दोघांनी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी फोन खाली घेतला. माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, एखादा आकडा चुकलाय का ते बघावं तसं.

"किती वाजता?"

"आठ वीसला पडला. त्यानंतर दोन मिनिटांत."

त्यांनी घड्याळ बघितलं. अकरा चाळीस. ते वळले आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. परत स्कॅन, थिएटर रिकामं करा, भूलतज्ज्ञ कुठे आहे. दोन माणसं धावत गेली. मला कुणी काही बोललं नाही. कुणाला वेळच नव्हता.

मागे वहिनी उभी होती, हातात कागदी पेल्यांत दोन चहा. ती किती वेळ तिथे होती हे मला तिच्या तोंडावरून कळलं.

"त्यांनी उशी मागितली होती?" तिने विचारलं.

"हो."

"आणि तू दिली नाहीस."

"नाही."

तिने दोन्ही पेले खिडकीच्या कठड्यावर ठेवले आणि ती थिएटरकडे गेली. मी तिच्या मागे गेले नाही. माझा चहा प्यायले. मग तिचाही प्यायले, कारण तो तिथे होता.

ऑपरेशन पाच तास चाललं. त्या पाच तासांत मी कशाचा विचार करत होते ते सांगते, म्हणजे माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज राहायला नको. मी आमच्या संग्रहालयातल्या एका कपाटाचा विचार करत होते. त्यात असाच एक जखडलेला कणा आहे, सगळी लिगामेंट हाड झालेला, अखंड, पुढे वाकलेला. तो मी स्वतः साफ केला, अकरा वर्षांपूर्वी. तो काढताना मी सगळ्यांना दम दिला होता की याला सरळ करायला जाऊ नका, हा लाकडासारखा दिसतो पण खडूसारखा मोडेल. त्याला मी मुद्दाम वाकडा स्टँड करून घेतला. दरवर्षी दीडशे मुलांना मी तो दाखवते आणि सांगते की असा माणूस पडला तर त्याला तुमच्या रेषेत आणू नका, त्याच्या रेषेत ठेवा. हे वाक्य माझं आहे. मुलं ते लिहून घेतात.

म्हणजे मला माहीत होतं. घाबरून विसरले असंही नाही. मी घाबरलेच नव्हते, तेच वाईट झालं. घाबरले असते तर उशी आणायला धावले असते. शेजारची कुठलीही बाई धावली असती. दादा मला माझ्या टेबलावरचा वाटला नाही, माझा दादा वाटला, आणि आपल्या माणसाचा कणा सरळच असतो असं हातांनी गृहीत धरलं. बावन्न वर्षांचा वाकडा दादा, ज्याला मी रोज बघते. याहून चांगलं कारण मला सापडलेलं नाही. शोधायचं मी सोडलं आहे.

रक्ताची गाठ निघाली. मणका धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू लावून बांधला, मानेचा बाक होता तसाच ठेवून. सर्जन बाहेर येऊन वहिनीशी बोलले, मी चार पावलं मागे उभी राहून ऐकलं. वहिनीने विचारलं, आल्या आल्या केलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. तडा पडतानाच गेलेला असणार, असंही म्हणाले, आणि ते माझ्याकडे बघून म्हणाले. माणूस दयाळू होता. मला त्याचा उपयोग झाला नाही.

सहाव्या दिवशी दादाचं उजवं मनगट हललं. आठव्या दिवशी अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. चमचा धरता येईल, शिक्का उमटवता येईल, कापता येणार नाही. छातीच्या खाली काही नाही. दादाने अंगठा हलवून मला दाखवला आणि म्हणाला, "घे. तुझ्या हट्टाचा एक अंगठा." मी हसले असेन. वहिनी फळ कापत होती, तिने वर बघितलं नाही.

ती मला काही बोलली नाही. मी वाट बघत होते. पहिल्या दिवशी बघितली, दुसऱ्या दिवशी बघितली. वाटलं, एकदा तोंड सोडेल, शेजारपाजार गोळा करेल, माझी बॅग जिन्यात फेकेल. मी खरोखर बॅग काढून पलंगावर ठेवली होती. तिने ती बघितली आणि उचलून परत कपाटावर टाकली. "इथे पसारा नको," एवढंच म्हणाली. डबा दोघींचा आणायची. माझी पोळी वेगळ्या कागदात असायची, पूर्वी एकाच डब्यातून खायचो. कामापुरतं बोलायची: गोळ्या दिल्या का, पिशवी बदलली का, संध्याकाळी कोण थांबणार. मी उत्तरं द्यायचे. दुखायला हवं होतं, पण दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. मी कामावर जाऊन आले. एक खांदा साफ केला. हात थरथरले नाहीत, त्याचा मला राग आला.

दहाव्या दिवशी सकाळी सिस्टर आम्हाला कूस बदलायला शिकवायला आली. घरी नेल्यावर दर दोन तासांनी करायचं, नाहीतर पाठ सोलवटते. तिने सांगितलं, तीन माणसं लागतात. एक डोक्याशी, एक कमरेशी, एक पायांशी. डोकं धरणारा मुख्य. तो आकडे मोजतो, तो म्हणेल तेव्हाच बाकीचे हलतात. त्याचा हात चुकला तर सगळं चुकलं.

"तुमच्यातलं कुणीतरी कण्याचंच काम करतं म्हणे?" सिस्टर हसून म्हणाली. तिच्या कागदावर ते कुणीतरी लिहिलेलं होतं. "मग प्रश्नच मिटला. तुम्ही या डोक्याशी."

मी एक पाऊल पुढे टाकलं. सवयीने.

"नाही," वहिनी म्हणाली. तिने हातातल्या बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या, बाह्या वर केल्या आणि ती पलंगाच्या डोक्याकडे जाऊन उभी राहिली. "डोकं मी धरते. कसं धरायचं ते मला दाखवा." मग माझ्याकडे न बघता, पण चिडूनही नाही, जेवायला कुणी कुठे बसायचं ते सांगावं तशी म्हणाली, "तू पायांकडे जा."

सिस्टर कमरेशी उभी राहिली. तिने वहिनीला बोटं कुठे, मनगट कुठे ते दाखवलं. वहिनीच्या तळव्यात दादाचं डोकं नीट बसलं, जसं होतं तसं, पुढे वाकलेलं. तिने ते जराही हलवलं नाही. मी बघत होते. माझ्याहून चांगलं धरलं होतं.

मी पायांकडे गेले. चादर बाजूला केली आणि दोन्ही टाचा तळव्यांत घेतल्या. गार होत्या. मी चांगल्या घट्ट धरल्या, लागतं त्याहून घट्ट.

"पायांकडे कोण आहे?" दादाने विचारलं. डोळ्यांवर चष्मा नव्हता, पायांकडचं त्याला नीट दिसत नव्हतं.

वहिनीची नजर दादाच्या डोक्यावरच होती.

"मी आहे," मी म्हणाले.

"धरलेस की सांग मला."

"धरलेत, दादा," मी सांगितलं, आणि वहिनीने मोजायला सुरुवात केली.